‘आपण’ म्हणजे नेमके कोण? : इंग्रजीतला ‘वन’ आणि मराठीतला कर्ता

‘जगात जर्मनी, भारतात परभणी, असे म्हणतात.’ आमच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाने हे वाक्य शाळेत, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या फलाटावर कितीदा तरी ऐकलेले असते. ही म्हण कशी रूढ झाली याच्या वेगवेगळ्या कथा आहेत. मला मात्र तिच्या शेवटी येणाऱ्या ‘असे म्हणतात’ या दोन शब्दांनी पुष्कळ वर्षे छळले आहे. कोण म्हणतात? वाक्यात क्रियापद आहे, ते तृतीयपुरुषी अनेकवचनी आहे, पण कर्ता नाही. गंमत अशी, की ज्या जर्मनीशी आमची जोडी लावली गेली, तिथल्या भाषेत या न दिसणाऱ्या कर्त्यासाठी एक स्वतंत्र सर्वनाम आहे : ‘मान’. ‘मान झाग्ट’ म्हणजे ‘असे म्हणतात’. हा ‘मान’ मुळात ‘माणूस’ या अर्थाच्या नामापासून निघाला. फ्रेंचमधले याच कामाचे सर्वनाम लॅटिन ‘होमो’पासून, म्हणजे पुन्हा माणसापासूनच आले. जुन्या इंग्रजीतही असा ‘मान’ होता. तो मध्ययुगात मागे पडला आणि पुढे त्या जागेवर ‘वन’ येऊन बसला. ‘वन’ म्हणजे एक. कोणता एक, ते विचारायचे नाही.

या ‘वन’ची आणि माझी पहिली भेट तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या काळातली. महाविद्यालयाचे शिक्षण मला पुरे करता आले नाही. इंग्रजी शिकलो ते पाठमाला, शब्दकोश आणि टंकलेखनाच्या परीक्षेसाठी द्यायचे उतारे यांवर. पाऊस पडतो, एवढे सांगायला इंग्रजीला ‘इट’ लागतो, हे कळले तेव्हा मी बुचकळ्यात पडलो होतो. पाऊस पडतो आहे, तर पडणारा पाऊसच; मग हा ‘इट’ कोण? पुढे समजले, की इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा मोकळी ठेवता येत नाही. बसायला कोणी नसेल तर तिथे एक बुजगावणे उभे करावे लागते. ‘इट’, सर्वसाधारण अर्थाचा ‘यू’, ‘दे’ आणि ‘वन’ हे सारे वेगवेगळ्या प्रसंगी त्या जागेवर येतात. त्यांत सर्वांत सभ्य कपड्यातला ‘वन’. ‘माणसाने खरे बोलावे’ हे इंग्रजीत ‘वन’ घालून सांगितले, की बोलणारा उपदेश करतो आहे, स्वतःबद्दल सांगतो आहे की समोरच्याला टोमणा मारतो आहे, हे कळायला मार्ग उरत नाही.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे, की मराठीत ‘वन’ नाही. त्याच्या जागी जे जे येते, ते आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवूनच येते. भाषांतर करणाऱ्याला, समीक्षकाला आणि अर्ज लिहिणाऱ्यालाही हा निवाडा टाळता येत नाही. टाळला, तर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

मराठीची कर्ता झाकण्याची रीत

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. या पाऊणशे वर्षांत मराठी व्याकरणाची घडी बसली. ती बसवताना इंग्रजी व्याकरणाचा साचा आणि संस्कृतची परंपरा दोन्ही समोर होत्या. पण ‘वन’चा प्रतिशब्द शोधायला गेले, तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या सर्वनामांच्या यादीत तो सापडत नाही. पुरुषवाचक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक, सामान्य आणि आत्मवाचक या सहा खणांपैकी कोणत्याही एका खणात तो मावत नाही. याचा अर्थ मराठीला ते काम येत नाही असा नव्हे. मराठी ते काम सर्वनामाकडे न देता बहुधा क्रियापदाकडे देते.

‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘मळमळते’ ही क्रियापदे पाहा. यांना व्याकरणात भावकर्तृक म्हणतात, कारण क्रियेचा भाव हाच त्यांचा कर्ता. इंग्रजीचा ‘इट’ इथे नुसता अनावश्यकच नाही, तर विनोदी वाटेल. दुसरी रीत ‘म्हणतात’ची : ‘इकडे रब्बीत ज्वारी पेरतात.’ तिसरी रीत विधीची : ‘खोटे बोलू नये’, ‘पाहुण्याला पाणी विचारावे.’ कोणी विचारावे? जो घरात असेल त्याने. चौथी रीत ‘माणसाने’ किंवा ‘एखाद्याने’ म्हणण्याची. ती ‘वन’च्या सर्वांत जवळची, पण ‘माणसाने’ म्हटल्यावर पुष्कळदा ‘बाईमाणसाने’ हा वेगळा नियम मागून येतोच, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना सांगायला नको.

कर्ता झाकणे म्हणजे नेहमी लपवाछपवी असते असेही नाही. जुन्या घरांत नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून बायका ‘इकडून कधी येणं झालं?’ असे विचारत. दिशेचे क्रियाविशेषण सर्वनाम झाले आणि ‘येणे’ हे नाम होऊन आपोआप घडले. यात आदर होता, संकोच होता आणि कधी कधी थट्टाही होती. ऐकणाऱ्या प्रत्येकाला मात्र ‘इकडून’ म्हणजे कोण हे पक्के ठाऊक असे. नाव गाळले, पण माणूस हरवला नाही. ही खूण लक्षात ठेवावी. पुढे ती कामाला येईल.

एका शब्दाची पाच घरे

आता ‘आपण’कडे येऊ. ‘वन’चे भाषांतर करताना मराठी लेखक सर्वांत जास्त याच शब्दाकडे धाव घेतो. हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून, प्राकृत ‘अप्पाण’ या वाटेने आला. जो शब्द मुळात स्वतःचा, अगदी आतला, तोच पुढे सर्वांचा झाला. आज त्याची निदान पाच घरे आहेत. ‘त्याने आपण होऊन कबूल केले’ यात तो आत्मवाचक आहे. ‘आपण उद्या गंगाखेडला जाऊ’ यात बोलणारा अधिक ऐकणारा. ‘आपण कधी आलात?’ यात आदराने ‘तुम्ही’. ‘आपल्याला नाही बुवा हे पटत’ यात चक्क ‘मी’. आणि ‘आपण चांगले वागावे, मग जग काय म्हणेल ते म्हणो’ यात तो इंग्रजी ‘वन’चे काम करतो.

पाचवे घर दुसऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभे आहे, आणि खरी अडचण तिथे आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, आणि ‘आपण’ म्हणजे त्याला धरून. इंग्रजी ‘वी’ला हा भेद करता येत नाही, हिंदी ‘हम’लाही नाही. तेलुगूत तो आहे : ‘मनमु’ आणि ‘मेमु’. मराठीतल्या या भेदाचे नाते अभ्यासक दक्षिणेच्या शेजाराशी जोडतात, आणि तेलंगणाला लागून असलेल्या आमच्या भागात ते पटायला जड जात नाही. पण यामुळे असे होते, की मराठी ‘आपण’ कितीही सर्वसाधारण अर्थाने वापरला, तरी तो ऐकणाऱ्याच्या खांद्यावर हात टाकतोच. ‘वन’ कोणालाच हात लावत नाही.

याची परीक्षा पाहायला एकच शीर्षक पुरे आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1928 साली केंब्रिजमधल्या स्त्रियांच्या दोन महाविद्यालयांत व्याख्याने दिली आणि त्यांवरून 1929 साली ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक आले. लिहू पाहणाऱ्या बाईला पैसा हवा आणि स्वतंत्र खोली हवी, हे त्यातले गाजलेले म्हणणे. शीर्षकात ‘माय’ नाही, ‘हर’ नाही, ‘वन्स’ आहे. पुस्तक बायकांविषयी असूनही शीर्षक कोणाचीच बाजू न घेतल्यासारखे उभे राहते. पुस्तकात निवेदन करणारी ‘मी’ही वुल्फ एका ठिकाणी धरू देत नाहीत, मला हव्या त्या नावाने हाक मारा, असे ती वाचकाला सांगते. म्हणजे हा ‘वन’ केवळ शिष्टाचाराचा नाही. बाईला ‘मी’ म्हणण्याची चोरी असते तिथे ‘वन’ हा आडोसा होतो.

हे मराठीत कसे आणावे? ‘आपली खोली’ म्हटले, की सगळेच उलटते. आपली खोली म्हणजे तुमची, माझी, दिरांची, पाहुण्यांची, धान्याच्या पोत्यांची. मराठी घरातल्या बाईची कैफियतच ही, की तिच्याभोवती सारे ‘आपले’ असते आणि तिचे असे काही नसते. ‘तिची खोली’ म्हटले तर ती तिसरीच कोणी होते. ‘स्वतःची खोली’ हे त्यातल्या त्यात बरे, कारण ‘स्वतः’ हा शब्द कोणत्याही पुरुषाला लागू पडतो आणि ऐकणाऱ्याला आत ओढत नाही. पण त्यात मूळचा अलिप्तपणा नाही. मराठी कानाला ‘स्वतःची खोली’ ही मागणी वाटते, थोडी हट्टाची वाटते. इंग्रजीत जे सर्वसामान्य विधान होते, ते मराठीत भांडण होते. मला हा भाषांतराचा तोटा वाटत नाही. भांडण मुळात होतेच. मराठीने ते झाकले नाही इतकेच.

‘आमच्या’ आणि ‘आमुचं’

आता मराठी बायकांनीच आपापल्या पुस्तकांना दिलेली नावे पाहू. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती रानडे 1901 साली गेले होते. या नावात ‘आयुष्य’ एकवचनी आहे आणि ‘आमच्या’ अनेकवचनी. आयुष्य एक, मालक दोन. ‘आमच्या’ हे त्या काळच्या लेखनातले विनयाचे अनेकवचन मानता येईल. पण पुस्तक वाचताना ते तसे राहत नाही. त्यातली बहुतेक प्रत्येक आठवण दोघांची आहे, आणि त्यातही पतीच्या बाजूला झुकलेली आहे. बाईला स्वतःविषयी लिहायचे असेल, तर ‘आमच्या’ या दारातून आत येणे त्या काळी सोपे होते. तरीही हा ‘आम्ही’ आहे, ‘आपण’ नाही. वाचक दाराबाहेर उभा आहे. त्याला आठवणी दाखवल्या जातात, त्यात तो सामील नाही.

पाऊणशे वर्षांनी, 1986 साली, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले. तेच सर्वनाम, पण त्याच्या आतली माणसे पूर्णपणे बदललेली. हे आत्मकथन असले तरी त्यात ‘मी’ कमी आणि वस्ती जास्त आहे. महारवाड्यातले सण, उपास, बाळंतपणे, मार आणि मग आंबेडकरांच्या चळवळीने आलेली जाग, हे सारे अनेकवचनात घडते. नवऱ्यापासून लपवून बेबीताईंनी हे लिहिले आणि वर्षानुवर्षे लपवूनच ठेवले, हेही त्यांनी पुढे सांगितले आहे. जिला घरात ‘स्वतःची खोली’ नव्हती, तिने ‘आमुचं’ लिहिले. इथे ‘आपलं’ का नाही? कारण गाव ज्याला ‘आपलं गाव’ म्हणत होते, त्याच्या वेशीबाहेर ही वस्ती होती. ज्या ‘आपण’मध्ये कधी घेतलेच नाही, त्या ‘आपण’मध्ये आता वाचकाच्या सोयीसाठी यायचे बेबीताईंनी नाकारले. ‘आमुचं’मधला वगळण्याचा अर्थ हा त्या पुस्तकाचा अर्धा आशय आहे.

या पुस्तकाचा माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2008 साली ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ या नावाने आला. नाव जोरकस आहे आणि पुस्तक जगभर पोचले ते या अनुवादामुळेच, हे आधी कृतज्ञतेने नोंदवतो. पण ‘वी’ या शब्दाला आत-बाहेर कळत नाही. इंग्रजी वाचक, मग तो कुठलाही असो, त्या ‘वी’मध्ये सहज शिरू शकतो आणि तुरुंग फोडल्याचे पुण्य वाटून घेऊ शकतो. मराठी शीर्षक त्याला तसे करू देत नाही. ते त्याला उंबऱ्यावर थांबवते आणि विचारायला लावते, की या जिण्यात माझा वाटा कोणता होता, आतल्याचा की बाहेर ठेवणाऱ्याचा? हा अनुवादकाचा दोष नव्हे. इंग्रजी भाषेत तो शब्दच नाही. पण समीक्षकाने हे सांगितले नाही, तर दोष समीक्षकाचा. दलित आत्मकथनांना ‘माणसाच्या दुःखाची वैश्विक कथा’ म्हणून गौरवणारे लेख आपल्याकडे कमी नाहीत. ती वैश्विकता ‘वन’ची आहे. ‘आमुचं’ या शब्दाने जे दार लावून घेतले होते, ते असा गौरव न विचारता उघडतो.

(वरच्या परिच्छेदात ‘आपल्याकडे’ हा शब्द माझ्याही हातून निसटला. तो खोडला नाही. आत कोण आणि बाहेर कोण, ते वाचकाने ठरवावे.)

‘जो कोणी’

निर्व्यक्तिक सर्वनामाचे सर्वांत मोठे राज्य कायद्यात. 1860 च्या भारतीय दंड संहितेची कलमे एकामागून एक ‘हूएव्हर’ने सुरू होतात, मराठीत ‘जो कोणी’. याच संहितेच्या आठव्या कलमात म्हटले होते, की ‘ही’ हे पुल्लिंगी सर्वनाम पुरुष वा स्त्री अशा कोणत्याही व्यक्तीला लागू समजावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या व्याख्येत तृतीयपंथी व्यक्तीही आल्या. इंग्रजी ‘हूएव्हर’ला लिंग नाही, ते पुढच्या ‘ही’ला आहे. मराठीत मात्र ‘जो’ म्हणताक्षणीच पुरुष उभा राहतो आणि बाईला कायद्यात पुल्लिंगाच्या पोटात बसून यावे लागते.

‘जो कोणी’ मराठीला कायद्याने दिला असे मात्र नाही. ‘जो–तो’ची जोडी आमच्या भाषेत जुनी आहे. पसायदानात ज्ञानदेव ज्याला जे हवे ते त्याला मिळावे असे मागतात, तिथेही कोणाचे नाव नाही, जात नाही, गाव नाही. तीच रचना एका ठिकाणी दान वाटते, दुसऱ्या ठिकाणी शिक्षा. दोन्ही ठिकाणी नाव गाळण्याला अर्थ आहे : देताना कोणी सुटू नये, आणि दंड करताना कोणाला सूट मिळू नये. म्हणून निर्व्यक्तिक भाषा मुळातच खोटी, असे मी म्हणणार नाही. नियम सांगताना ती न्यायाची भाषा आहे. घटना सांगताना तीच अन्यायाची होऊ शकते. हा फरक मी पुस्तकात शिकलो नाही.

एक अर्ज

मराठवाड्यातल्या कागदांना कर्ता झाकण्याची सवय इंग्रजीच्या आधीपासून आहे. निजामाच्या राज्यात 1948 पर्यंत इथला कारभार उर्दूत चाले. ‘सदर’, ‘मजकूर’, ‘अर्जदार’, ‘फिर्यादी’ हे शब्द त्या फारसी-उर्दू वळणाचे. पुढे महाराष्ट्र झाला, 1964 चा राजभाषा अधिनियम आला, आणि शासकीय मराठीने इंग्रजी कर्मणीवरून ‘करण्यात येत आहे’, ‘कळविण्यात येते’, ‘कारवाई करण्यात आली’ हे साचे घडवले. त्यांत ‘कडून’सुद्धा गळून पडते. व्याकरणातल्या नवीन कर्मणीत निदान ‘रामाकडून रावण मारला गेला’ असे म्हणतात. शासकीय मराठीत रावण मारण्यात येतो.

मी पुष्कळ वर्षे एका कचेरीबाहेर टंकलेखनयंत्र घेऊन बसत असे. वीसेक वर्षांपूर्वी एक बाई अर्ज करायला आली. तिने सांगितले, ‘सासूनं अन् दिरानं मला लेकरासगट घराबाहेर काढलं.’ दोघांची नावे सांगितली, वार सांगितला. मी माझ्या मते शुद्ध, कचेरीला शोभेल अशा मराठीत टंकले : ‘सदर अर्जदारास अपत्यासह राहत्या घरातून बाहेर काढण्यात आले.’ वाक्य मला आवडले होते, हे कबूल करतो. आठ दिवसांनी ती परत आली. अर्जात कोणाविरुद्ध तक्रार आहे याचा उल्लेख नाही, असा शेरा मारून अर्ज परत दिला होता. तिचे एसटीचे भाडे आणि मजुरीचा दिवस गेला होता. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘मी तर नावं सांगितली व्हती.’

त्या बाईच्या तोंडी वाक्यात व्याकरणाला हवे ते सगळे होते : कर्ता दोन, कर्म एक, क्रियापद सकर्मक. मी त्यातून दोन माणसे काढून टाकली आणि तिलाही ‘मी’वरून ‘अर्जदारा’वर आणले. ‘इकडून’ म्हणणाऱ्या बाईने नाव गाळले तरी माणूस हरवत नव्हता. मी नाव गाळले आणि माणूस हरवला. मी तिच्याकडून दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, पण त्याने तिचा दिवस भरून आला नाही. पाठमालेत शिकलेल्या ‘वन’चा आणि ‘इट’चा विचार मी पुन्हा करू लागलो तो त्या दिवसापासून.

तेव्हापासून वाचताना मी एक साधी सवय लावून घेतली आहे. लेखात, अनुवादात, परीक्षणात ‘आपण’ आला, की मी तिथे पेन्सिलीने बारीक खूण करतो आणि समासात माणसांची नावे लिहून पाहतो : यात लेखक आहे का, मी आहे का, वेशीबाहेरची वस्ती आहे का, घरातली बाई आहे का. ‘आपली संस्कृती’, ‘आपला समाज’, ‘आपल्याला वाटते’ या शब्दांपुढे समास पुष्कळदा कोराच राहतो किंवा दोन-तीनच नावांत भरतो. अनुवादकांना माझी विनंती आहे, की इंग्रजी ‘वन’समोर थांबा, ‘आपण’ लिहिण्याआधी ‘माणसाने’, ‘स्वतः’, ‘मी’, आणि कर्ता नसलेले नुसते ‘करावे’ ही चारही दारे उघडून पाहा. आणि मराठीतून इंग्रजीत जाताना ‘आम्ही’ला ‘वी’ करावेच लागेल, पण निदान प्रस्तावनेत एक ओळ लिहा, की इथे वाचक बाहेर उभा आहे.

यंत्र आता गेले, संगणक आला. अर्ज मी अजून लिहून देतो. टंकण्याआधी एकदा विचारून घेतो : ‘कोणी केलं?’ मग ते नाव वाक्याच्या सुरुवातीला घालतो.